घरातला निरोप

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका पावसाळी रात्री माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई वाईच्या घरात पलंगाच्या कडेवर पहाटेपर्यंत बसून राहिली. तिला न्हाणीघराकडे जायचं होतं आणि माजघरातला दिवा लागत नव्हता. वीज गेली नव्हती. दिवा उडालेला नव्हता. बटण हाताच्या अंतरावर होतं. पण त्या बटणावर मीच चिकटपट्टी लावून ठेवली होती आणि बजावलं होतं, ‘आई, याला हात लावायचा नाही. तू उठलीस की दिवा आपोआप लागेल.’ तिने हात लावला नाही. शेजारच्या वहिनींकडे घराची एक किल्ली असते. त्या पाच वाजता दूध घेऊन आल्या, तेव्हा कुठे आई जागची उठली.

मी पुण्यात पदवीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. विद्युतचुंबकीय लहरी हा माझ्या हातखंड्याचा विषय. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आई रात्री अंधारात पडली आणि मनगट मोडून घेतलं, म्हणून मी मोठ्या उत्साहाने तिच्या वाटेवर ‘स्मार्ट’ दिवे आणि हालचाल ओळखणारे सेन्सर बसवले होते. खोक्यावर ‘वाय-फायवर चालतो, वेगळ्या हबची गरज नाही’ असं लिहिलेलं होतं आणि तेवढं वाचून मी ते विकत घेतले. त्या रात्री रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली होती. सेन्सरने आईला उठताना पाहिलं होतं, पण त्याचा निरोप माजघरातल्या दिव्यापर्यंत पोचला नाही. कारण तो निरोप सरळ दिव्याकडे जातच नव्हता. तो राऊटरकडे, तिथून गावाबाहेर, कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जाई. तिथे ‘हालचाल झाली तर दिवा लाव’ हा नियम तपासला जाई आणि मग हुकूम उलट्या वाटेने वाईला येई. पलंगापासून दिवा सात फुटांवर. निरोपाचा प्रवास शेकडो मैलांचा.

बटण एकदा बंद करून पुन्हा चालू केलं असतं तरी तो दिवा लागला असता. हे आईला ठाऊक नव्हतं, आणि मला ते सांगावंसं वाटलं नव्हतं. त्यानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे, कारण म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात अशी साधनं बसवणारी मुलं-मुली आता घरोघरी आहेत.

तीन वेगळे प्रश्न

‘प्रोटोकॉल’ला आपल्या सरकारी मराठीत राजशिष्टाचार म्हणतात. कोणी आधी बोलायचं, कोणत्या शब्दांत, उत्तर आलं नाही तर काय करायचं, यांचे ठरलेले संकेत म्हणजे प्रोटोकॉल. यंत्रांच्या बाबतीत या एका शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि दुकानदार त्या एकत्र गुंडाळून विकतो.

पहिली गोष्ट लहरींची: निरोप कोणत्या वारंवारितेवर, किती जोराने जातो. दुसरी भाषेची: ‘दिवा लाव’ हे नेमकं कोणत्या शब्दांत सांगायचं. तिसरी निर्णयाची: दिवा लावायचा की नाही हे कोण ठरवतं, आणि तो ठरवणारा घरात राहतो की बाहेर. पहिल्या दोन गोष्टींबद्दल खोक्यावर पुष्कळ लिहिलेलं असतं. तिसरीबद्दल बहुधा काहीच नसतं. आई अंधारात बसली ती या तिसऱ्या गोष्टीमुळे.

परवान्याची भानगड

बिनतारी निरोपाने घरातली वस्तू हलवणं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी आखूड लांबीच्या विद्युतलहरी भिंतींपार पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. कोणाच्याही दारावर आज बिनतारी घंटा वाजते तेव्हा मला ती सभा आठवते.

पुढे मात्र लहरींवर सरकारचा ताबा आला. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यामुळे बिनतारी उपकरण नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागे. घरातल्या रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन नव्याने करून आणणं हे माझ्या लहानपणी वडिलांचं ठरलेलं काम होतं. २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक मर्यादेतल्या शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला केला. आज आपल्या घरांत जे काही बिनतारी बोलतं, त्यातलं बरंचसं या दोन पट्ट्यांत बोलतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जवळपास जगभर खुला आहे, म्हणून तिथे गर्दीही फार. वाय-फाय तिथे, ब्लूटूथ तिथे, झिगबी तिथे, आणि मायक्रोवेव्ह भट्टीची गळणारी कुजबुजही तिथेच. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. विटांची पातळ भिंत त्या ओलांडतात. दगडमातीची दोन फुटी भिंत, पाण्याची टाकी किंवा लोखंडी कपाट आडवं आलं की मात्र त्या थकतात. वाईचं आमचं घर जुन्या धाटणीचं आहे. ओटीवर ठेवलेल्या राऊटरची लहर न्हाणीघरापर्यंत पोचताना मरगळून जाई.

वाय-फाय : जोरकस, पण खादाड

वाय-फायचं पहिलं प्रमाण, म्हणजे ८०२.११, हे १९९७चं. ते संगणकांसाठी जन्मलं. भरपूर मजकूर वेगाने वाहून नेणं हे त्याचं काम. कॅमेरा, दूरचित्रवाणी संच यांना त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पण दिव्याला ‘लाग’ एवढंच सांगायचं असेल तर वाय-फाय म्हणजे पोस्टकार्ड टाकायला ट्रक काढण्यासारखं आहे.

हा ट्रक वीजही तशीच खातो. वाय-फायची छोटी चिप बोलताना दीडशे-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह ओढते. मनगटी घड्याळातल्यासारखा गोल चपटा सेल, सीआर२०३२, त्यात एकूण साठा सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा, आणि एवढा प्रवाह एकदम द्यायची त्याची कुवतच नाही. म्हणून वाय-फायचे सेन्सर एक तर मोठे असतात, नाही तर वरचेवर सेल मागतात. शिवाय प्रत्येक वाय-फाय दिवा राऊटरशी थेट नातं ठेवतो. एका स्वस्त राऊटरवर तीस-चाळीस दिवे-पंखे लटकवले की तो कुरकुरायला लागतो.

वाय-फायवर माझा राग आहे असं मात्र नव्हे. घरातल्या घरात निर्णय करणारी वाय-फाय साधनंही मिळतात. लहर तीच, पण निरोप गावाबाहेर जात नाही. माझी चूक वाय-फाय घेण्याची नव्हती. निर्णय कुठे होतो हे न विचारता घेण्याची होती.

झिगबी : हातोहात

झिगबी हे नाव मधमाश्यांच्या नागमोडी नाचावरून घेतलेलं आहे. पोळ्यावर परतलेली माशी नाचून इतरांना फुलांचा पत्ता सांगते, तो हा नाच. त्याखालची लहरींची रीत म्हणजे ८०२.१५.४, हे २००३चं प्रमाण. वेग सेकंदाला फक्त २५० किलोबिट, आणि एक निरोप जास्तीत जास्त १२७ बाइटचा. म्हणजे एवढ्याशा चिठोऱ्यावर लिहायचं आणि गप्प बसायचं. पण ‘हालचाल झाली’ हे सांगायला तेवढं चिठोरं पुरतं, आणि ते हवेतून जायला चार मिलिसेकंदही पुरेसे होतात. उरलेला सगळा वेळ सेन्सर झोपलेला. म्हणून त्याचा तो चपटा सेल वर्ष-दोन वर्षं टिकू शकतो.

झिगबीची खरी करामत जाळ्यात आहे. विहिरीवरून माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोचवाव्यात, तसा इथे निरोप एका साधनाकडून दुसऱ्याकडे जातो. जाड भिंतीपलीकडे थेट पोचता येत नसेल तर दारातल्या प्लगकडून वळसा घेऊन पोचतो. पण या रांगेत उभं राहण्याचा मान फक्त कायम विजेवर असलेल्या साधनांना. सेलवरचे सेन्सर झोपाळू, ते दुसऱ्याची घागर धरत नाहीत.

इथेच आपल्या घरांची एक सवय आडवी येते. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे आपल्याला पाठीत धपाटे खाऊन शिकवलेलं आहे. झिगबीचा दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद केला की तो नुसता विझत नाही, रांगेतला एक माणूसच उठून निघून जातो आणि त्याच्या मागचे सेन्सर मुके होतात. यावर उपाय म्हणजे बटणावर चिकटपट्टी नव्हे. दिवा साधाच ठेवायचा आणि बटणामागे, बोर्डाच्या आत, छोटा झिगबीचा रिले बसवायचा. मग बटण बटणासारखं चालतं आणि रिलेही जागा राहतो. त्यासाठी बोर्डात न्यूट्रलची तार लागते. ज्या बोर्डावर प्लग असतो तिथे ती आलेली असते. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डांत बहुधा नसते. न्यूट्रलवाचून चालणारे रिलेही मिळतात, पण ते बहुधा रांगेत उभे राहत नाहीत.

झिगबी आणि वाय-फाय एकाच पट्ट्यात असल्यामुळे त्यांची वाटणी करून द्यावी लागते. झिगबीला तिथे सोळा वाटा आहेत, क्रमांक ११ ते २६. राऊटर वाय-फायच्या पहिल्या चॅनेलवर बसवला आणि झिगबी २५व्यावर ठेवलं, तर दोघं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालत नाहीत. एवढ्या एका बदलाने हुकत असलेले अनेक निरोप सुरळीत होतात.

झेड-वेव्ह आणि अमेरिकेहून आलेला सेन्सर

झेड-वेव्हचा जन्म डेन्मार्कमधला. ते २.४च्या गर्दीत जात नाही. एक गिगाहर्ट्झच्या खाली, लांब लहरींवर चालतं, आणि त्या लहरी भिंतींना कमी दबतात. वाईच्या भिंतींसाठी तेच योग्य ठरलं असतं. अडचण अशी, की या खालच्या पट्ट्यांवर प्रत्येक देशाचा कायदा निराळा. भारतात झेड-वेव्ह ८६५.२ मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपात ८६८च्या आसपास, अमेरिकेत ९०८.४२वर.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने आजीसाठी प्रेमाने दाराचा एक सेन्सर आणला होता. ‘मामा, तिकडे सगळे हेच वापरतात.’ तो अमेरिकी झेड-वेव्हचा निघाला. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल फोनांनी टॉवरशी बोलण्यासाठी राखलेला आहे, आणि ९०८ त्याच्या ऐन मध्यात येतं. तो सेन्सर इथे वापरणं बेकायदा, आणि भारतातल्या हबशी तो बोलूही शकत नाही. तो अजून फडताळात आहे. परदेशातून येणाऱ्यांकडून काही मागवायचंच असेल, तर २.४वर चालणारं मागवावं. ते इथल्या लहरींशी जुळतं.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात सांगतो. दहाव्या शतकातल्या डॅनिश राजा हाराल्डच्या टोपणनावावरून हे नाव आलं. २०१०च्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचा कमी वीज खाणारा प्रकार रुळला. दाराचं कुलूप फोनने उघडायला, नवीन साधनाची पहिली ओळख करून द्यायला तो चांगला. पण फोन घेऊन हिंडणाऱ्या माणसासाठी तो आहे. आईचा फोन देवघरात चार्जिंगला लावलेला असतो.

थ्रेड आणि मॅटर

थ्रेड २०१४मध्ये पुढे आलं. लहरी झिगबीच्याच, ८०२.१५.४च्या, जाळंही तसंच. फरक असा की यात प्रत्येक साधनाला इंटरनेटच्या पद्धतीचा स्वतःचा पत्ता असतो. त्यामुळे दुभाषाची गरज कमी होते. थ्रेडचं जाळं घरच्या नेहमीच्या नेटवर्कला जोडायला एक ‘बॉर्डर राऊटर’ मात्र लागतो.

मॅटर ही लहर नव्हे, भाषा आहे. ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि झिगबीची संघटना यांनी २०१९च्या डिसेंबरात एकत्र काम करण्याचं जाहीर केलं. त्या संघटनेने २०२१मध्ये ‘कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स’ असं नाव घेतलं आणि २०२२च्या ऑक्टोबरात मॅटरची पहिली आवृत्ती आली. ती वाय-फायवरून बोलता येते, थ्रेडवरूनही. तिचं महत्त्व माझ्या लेखी एकाच गोष्टीत आहे: साधनं घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकली पाहिजेत, हे तिच्या रचनेतच धरलेलं आहे. एका कंपनीचं बटण आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा यांना तिसऱ्या गावच्या सर्व्हरची मध्यस्थी लागू नये. मात्र मॅटरचा शिक्का असला म्हणजे उत्पादकाचं प्रत्येक खास वैशिष्ट्य त्यातून मिळतंच असं नाही, आणि निर्मात्याच्या ॲपमध्ये केलेले नियम अजूनही बाहेर राहू शकतात. विचारायचं ते विचारावंच लागतं.

कंपनी गेली तर

इंटरनेट तुटतं आणि जुळतं. पण कंपनीच उठून गेली तर? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरगुती हब होता. ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि २०१६च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातली चालती पेटी एका दिवसात निकामी झाली. २०२२च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. तिथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. ज्यांचे नियम घरातल्या यंत्रावर होते त्यांचे दिवे चालू राहिले, सर्व्हरवर विसंबलेल्यांचे अडले. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली.

उलट दिशेचा धोकाही आहे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि राऊटर आपल्या ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. आपल्या घरातला जो कॅमेरा थेट इंटरनेटशी बोलतो, त्याच्याशी इंटरनेटही बोलू शकतं. झिगबीचा सेन्सर हबच्या आडोशाला असतो. तोही अभेद्य नव्हे, पण त्याचं अंगण लहान.

वाईला काय केलं

दसऱ्याच्या सुटीत बहीण आणि मी वाईला चार दिवस राहिलो. बहिणीचं मत होतं, सरळ कॅमेरा लावावा, म्हणजे आपल्याला पुण्यात बसून दिसेल. आई म्हणाली, ‘मी आता झोपतानाही पदर सावरून झोपायचं का गं?’ तो विषय तिथेच संपला. मग तिने मला विचारलं, ‘हे सगळं माझ्यासाठी आहे ना रे? की तुम्हाला तिकडे झोप लागावी म्हणून?’ दोन्हीसाठी, असं मी खरं उत्तर दिलं. ‘मग आधी माझं कर,’ ती म्हणाली.

वायरमनने तीन बोर्डांत न्यूट्रल ओढून दिली. बोर्डांमागे झिगबीचे रिले बसवले. दिवे साधे एलईडी, गावातल्या कुठल्याही दुकानात मिळणारे. जाड भिंतीला वळसा म्हणून माजघराच्या दारात झिगबीचा एक प्लग. पलंगाखाली आणि बोळात हालचालीचे दोन सेन्सर. ते ऊबदार देह हलला की ओळखतात, चेहरा बघत नाहीत. हब घरातच, ओटीवरच्या कोनाड्यात. सगळे नियम त्याच्या पोटात. हब आणि वाटेवरचे दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. इंटरनेट एवढ्याचसाठी ठेवलं की एखाद्या सेन्सरचा सेल उतरत आला तर मला पुण्यात कळावं. तसे दर दिवाळीला पणत्या काढताना सगळेच सेल बदलायचे, असं ठरवलं आहे.

मग परीक्षा घेतली. आधी इंटरनेटची तार उपटली आणि आईला उठायला सांगितलं. दिवा लागला. मग मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरवर दिवा लागला. शेवटी हबच बंद केला. दिवा आपोआप लागला नाही. आईने हात लांब केला आणि बटण दाबलं. लागला.

कोणताही प्रोटोकॉल निवडताना मी आता याच क्रमाने तीन प्रश्न विचारतो. इंटरनेट गेलं तर काय चालेल? कंपनी गेली तर काय चालेल? आणि सगळंच गेलं तर साधं बटण चालेल का? लहर, वेग, पल्ला, किंमत हे त्यानंतर. त्यात घराच्या भिंती आणि सेलचं आयुष्य बघून झिगबी, थ्रेड, झेड-वेव्ह, वाय-फाय यांतलं काहीही योग्य ठरू शकतं, आणि एकाच घरात दोन रीतीही सुखाने नांदतात. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र खोक्यावर मिळत नाहीत. साधन महिनाभर बिनदिक्कत परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्यावं आणि पहिल्याच दिवशी राऊटरची तार उपटून बघावी.

निघताना बटणावरची जुनी चिकटपट्टी मी नखाने खरवडून काढली. तिचा डाग राहिला आहे. आईच्या उशाखाली सेलची बॅटरी असते. ती तिने काढलेली नाही, आणि मीही काढ म्हटलेलं नाही.